थांबा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा

माझ्या सगळ्या डॉक्टरकीचं सार तीन वाक्यांत येतं. भरपूर पाणी प्या, लघवी धरून ठेवा, बाहेर बसा. माजलगावच्या माझ्या सोनोग्राफी केंद्रात मी ही वाक्यं इतक्या वेळा म्हटली आहेत, की आता निवृत्त झाल्यावरसुद्धा घरी आलेल्या पाहुणीपुढे तांब्या ठेवला की तिसरं वाक्य ओठांवर येतं. एवढ्यासाठी मुलीला इतकी वर्षं शिकवावं लागलं, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते तलवाड्याकडच्या एका दूध संस्थेचे सचिव होते. दुधात पाणी किती हे सांगायला त्यांच्याकडे काचेची एक नळी होती. माझं यंत्र पोटातलं पाणी सांगतं हे कळल्यावर ते म्हणाले, "मग फरक फक्त किमतीचाच म्हणायचा."

अगदी खोटं नव्हतं ते. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं, मांस करडं दिसतं आणि हवा असली की काहीच दिसत नाही. बायकांच्या ओटीपोटात गर्भाशयावर आतडी येऊन बसतात, आणि आतड्यांत वायू असतो. लघवीची पिशवी भरली की ती आतड्यांना बाजूला सारते आणि तिच्या पाण्यातून आम्हाला खिडकीतून बघावं तसं मागचं सगळं दिसतं. म्हणून ते पाणी पिणं.

आता हे कुणाला सांगायचं, तर ज्यांच्या गावात टँकर आला की हंड्यांच्या मारामाऱ्या होतात त्यांना. एका वर्षी धरणाचा तळ उघडा पडला होता. माझ्या केंद्राच्या व्हरांड्यात मी पाण्याचे जार ठेवले होते, आणि माझ्या हाताखालच्या सुमनमावशी पेल्यांचा हिशेब धरल्यासारख्या तिथे उभ्या असायच्या. चकलांब्याकडून आलेली एक बाई चार पेले पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि उठून चालू लागली. सुमनमावशींनी अडवलं, "अवं, तपासनी?" ती म्हणाली, "कशाची? मी तर बाजारला आल्ये. लोकं म्हनली हितं फुकट पाजत्यात, पोट फुगस्तवर."

लघवी धरून ठेवायला मात्र माझ्याकडे येणाऱ्या बायकांना शिकवावं लागलं नाही. निम्म्या जणी ऊसतोडीला जाणाऱ्या. पहाटेपासून उसाच्या फडात, आडोसा नाही, भोवती गडीमाणसं. त्या सकाळी पाणीच प्यायच्या नाहीत, आणि प्यायल्या तर दिवस मावळेपर्यंत धरून ठेवायच्या. मी शहाणपणानं सांगायची, "थोडा वेळ कळ काढा हं." त्या माझ्याकडे असं बघायच्या, जणू पोहणाऱ्याला कुणी पाण्याला घाबरू नको म्हणत होतं.

दुसरी अडचण भिंतीवरच्या पाटीची. गर्भाचं लिंग सांगितलं जाणार नाही, हे माझ्या केंद्रात तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. लोक ती पाटी वाचायचे आणि मग, पाटी इतरांसाठी आहे असं धरून, आत येऊन हळूच विचारायचे. सुनेच्या अंडाशयात गाठ आहे असं मी एका आजीबाईंना सांगितलं, तर त्यांनी डोळा बारीक करून विचारलं, "गाठ हाय ती हाय, पर कशाची? पोराची का पोरीची?" मी तिथल्या तिथं दहा मिनिटं कायदा सांगितला. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं, ऱ्हाऊ द्या. तुमाला कळत नसंल."

तर या गाठींविषयी सांगायचं आहे. आम्ही डॉक्टर त्यांना सिस्ट म्हणतो. ऐकणाऱ्याला मात्र आमच्या तोंडातून तो शब्द बाहेर पडला की पुढचं काही ऐकू येत नाही. वास्तविक धडधाकट बाईच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याचा एक फोड तयार होतोच. त्यात बीज असतं. फोड फुटतो, बीज बाहेर पडतं, काम संपतं. कधीकधी तो फुटायचं विसरतो आणि पाण्यानं फुगत जातो. पातळ भिंत, आत स्वच्छ काळं पाणी, बाकी काही नाही. पाळी चालू असलेल्या बाईला अशी गाठ निघाली तर बहुतेक वेळा ती दोन-तीन पाळ्यांत आपली आपण जिरून जाते. औषध लागत नाही, सुरी तर नाहीच नाही. कधी आत रक्त उतरतं आणि जाळीसारखं दिसतं, तेही बहुधा जातं. ज्यांना घाबरायचं त्या गाठी वेगळ्या. आत मांसल भाग, जाड पडदे, पोटात पाणी, किंवा पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईला नव्यानं निघालेली. आणि साधी गाठसुद्धा देठाला पीळ बसून अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या घेऊन आली, तर मात्र जेवतं ताट सोडून मोठ्या दवाखान्यात पळायचं.

हे मी इतक्या सोपेपणानं लिहिते आहे त्याला कारण आहे. मी चाळिशीत असताना एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीनं सहज माझ्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि म्हणाली, "अगं, तुझ्या उजव्या बाजूला सिस्ट आहे. साधीच आहे. थांब, आणि दोन महिन्यांनी पुन्हा दाखव." हे वाक्य माझं होतं. मी ते रोज वाटत होते. मी घरी गेले, आणि दोन महिने काही थांबले नाही. आठवडाभरात तीन वेगळ्या डॉक्टरांकडे जाऊन आले, मृत्युपत्राचा विचार केला, आणि माझे दागिने धाकट्या जावेला मिळू नयेत असं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. गाठ जिरली. जावेला कुणीतरी ती गोष्ट सांगितली ती मात्र अजून जिरलेली नाही.

म्हणजे "थांबा" हे औषध किती कडू आहे ते मला ठाऊक होतं. पण मी ज्यांना ते देत होते त्यांना थांबायला जागाच नव्हती, हे कळायला मला मंदा भेटावी लागली. तिच्याकडे येण्याआधी चेअरमनसाहेबांविषयी सांगते, कारण त्यांच्यावाचून मंदाचं गाडं पुढे सरकलं नसतं.

हे चेअरमन एका साखर कारखान्याचे. कुठला ते सोडा, आमच्या भागात ढेकूळ फेकलं तर चेअरमनलाच लागतं. त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आक्कासाहेबांच्या पोटात दुखत होतं. साहेबांचा निरोप आला, मशीन घेऊन बंगल्यावर या. मी कळवलं की कायद्यानं मशीन जागेवरून हलवता येत नाही. त्यांनी उलट कळवलं की कायदा आमच्या ओळखीचा आहे. शेवटी आक्कासाहेबच जीपमधून आल्या, सामान्य बायकांसारख्या पाणी पीत व्हरांड्यात बसल्या, आणि सुमनमावशींशी बोलताना त्यांना इतकी करमणूक झाली की बोलावल्यावरही आत येईनात.

त्यांच्या डाव्या अंडाशयात संत्र्याएवढी गाठ होती. आत चरबी, केस आणि दोन चकाकते पांढरे ठिपके. अशी गाठ जन्मतःच अंडाशयात राहून गेलेल्या पेशींतून वाढते, आणि त्या पेशींना शरीराचं काहीही करता येतं. मी मागोमाग आलेल्या चेअरमनसाहेबांना आत बोलावून सांगितलं, "गाठ कर्करोगाची दिसत नाही. पण ही जिरत नाही, काढावी लागेल. आत केस आहेत. आणि बहुतेक दात."

साहेबांनी सर्वसाधारण सभेत कितीतरी गोष्टी ऐकून घेतल्या होत्या. ही नाही. "कुनाचे दात?" त्यांनी विचारलं.

"त्यांचेच."

"तोंडातले तर सगळे शाबूत हायेत."

आक्कासाहेब टेबलावरून खदखदून हसल्या. म्हणाल्या, "आवो, इतकी वर्सं तुमाला चावता आलं न्हाई, म्हनून आत उगवले." ऑपरेशन झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी गाठ तेवढी सोलून काढली. अंडाशय शाबूत राखलं, गर्भाशयाला हात लावला नाही. परत आल्यावर आक्कासाहेबांनी दाताची गोष्ट हळदीकुंकवात स्वतः सांगितली, आणि आठवड्याभरात ती सगळ्या तालुक्यात झाली. कारखान्याच्या निवडणुकीत विरोधकांनी तिचा वापर केला, असं म्हणतात.

त्याच सालच्या दसऱ्याआधी मंदा आली. पंचविशी-सव्विशीची, दोन लेकरांची आई, बोलायला कमी. बरोबर सासू, गयाबाई. काटक, उन्हानं रापलेली, आणि दोघींच्या वाट्याचं बोलणारी. मंदाचं ओटीपोट दुखत होतं, अंगावरून जात होतं. गावाकडच्या डॉक्टरनं चिठ्ठी देऊन पाठवलं होतं.

मी तपासलं. उजव्या अंडाशयात लिंबाएवढी गाठ. पातळ भिंत, आत स्वच्छ पाणी. पुस्तकातल्या चित्रासारखी साधी. मी प्रसन्न झाले. सोनोग्राफीवाल्यांना स्वच्छ चित्र दिसलं की आनंद होतो. पोट कुणाचं आहे, हे आम्हाला नंतर आठवतं.

"साधी पाण्याची गाठ आहे," मी म्हणाले. "काही करायचं नाही. थांबा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा."

गयाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दोन महिन्यांसाठी विलायतेला बोलावलं होतं. "दोन म्हैन्यांनी आमी कुटं आसू बाई? दसरा झाला की टोळी निघंल. पार कर्नाटकात. तितं फडात हिचं दुखाया लागलं तर कोन बघंल? पिशवी काढूनच नेतो हिची. डाक्टरला सांगून ठिवलंय. चार दिवसांनी बोलावलंय."

आमच्याकडची ही रीत बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी सगळी दुरुस्ती उरकून घ्यायची असते. बैलगाडीची धाव बदलायची, कोयत्याला नवी मूठ बसवायची, खोपीचे बांबू जोडायचे, बैलांना पत्र्या ठोकायच्या. आणि घरातल्या बाईचं पोट दुखत असेल तर गर्भाशय काढून टाकायचं. पाळी नाही, दुखणं नाही, फडात खाडा नाही. यात कुणाला क्रूरपणा वाटत नव्हता. प्रवासाला निघण्यापूर्वी करायची ती तयारी होती. गयाबाईंची स्वतःची पिशवी अशाच एका दसऱ्याआधी, मंदाच्या वयाच्या असताना काढलेली होती. त्यानंतर त्यांची कंबर जी धरली ती सुटली नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण तो संबंध त्या लावत नव्हत्या.

मला राग आला. मला राग आला की मी भाषण करते. मी कागदावर गर्भाशय काढलं, अंडाशयं काढली, नळ्या काढल्या. गाठ कुठे आहे आणि पिशवी कुठे आहे ते दाखवलं. "पत्रा गळतो म्हणून कुणी घराचा पाया खणतं का?" असं विचारलं. कोवळ्या वयात हे काढलं की हाडांचं काय होतं, अंगाची आग कशी होते, सगळं सांगितलं. माझ्या मते ते माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होतं. गयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग डाक्टर काढा म्हनतोय ते कावून? त्यो येडा हाय का?"

डॉक्टर वेडा नव्हता, एका ऑपरेशनमागे त्याला किती सुटतात ते मला ठाऊक होतं. तेवढ्यात पाण्याचा पेला घेऊन सुमनमावशी आत आल्या आणि सहज म्हणाल्या, "आक्कासायबाची तर दाताची गाठ हुती. तरी बी पिशवी ठिवलीच की."

गयाबाई वळल्या. "कोन, चेअरमनची बायको? तिची ठिवली?"

आता रुग्णाची गोष्ट दुसऱ्या रुग्णाला सांगायची नसते, हे मला शिकवलेलं आहे. पण जी गोष्ट पानाच्या टपरीवर चालते ती लपवून मी कुणाची अब्रू राखणार होते? "ठेवली," मी म्हणाले. "फक्त गाठ काढली."

गयाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्या कागदावरच्या चित्राकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग म्हणाल्या, "चेअरमनच्या बायकूची ठिवत्यात, तर आमच्या मंदीची कावून काढायची? तिला काय देवानं दुसऱ्या मातीची केली?"

माझं भाषण वाया गेलं ते गेलंच. वर त्यांनी विचारलं, "पर थांबायचं म्हंजी करायचं काय?" थांबायचं म्हणजे काही करायचं नाही, हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. ज्याला पथ्य नाही ते औषधच नव्हे. मी जरा विचार केला आणि डॉक्टरी चेहरा करून सांगितलं, "ओझं उचलायचं नाही. हंडा नाही, मोळी नाही, शेणाची पाटी नाही. पाणी भरपूर प्यायचं, लघवी धरून ठेवायची नाही, आणि दुपारी तासभर पडायचं. अचानक जोराची कळ आली तर तसंच मोठ्या दवाखान्यात न्यायचं." अंगावरून जात होतं त्यासाठी जंतुसंसर्गाच्या गोळ्या त्याच मैत्रिणीकडून लिहून घेतल्या. गयाबाईंनी पथ्याचा शब्दन् शब्द माझ्याकडून परत म्हणवून घेतला.

राहिला प्रश्न टोळीचा. तो दुष्काळानं सोडवला. त्या साली पाऊसच नव्हता, कारखान्यांना गाळायला ऊस नव्हता. टोळीचा मुकादम म्हणाला, धुराडी पेटायला उशीर आहे, निरोप येईपर्यंत थांबा. एका दूध संस्थेनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली होती. मंदाच्या घरचे लोक दोन बैल आणि एक गाय घेऊन तिथे जाऊन राहिले. माझ्या सल्ल्याला आयुष्यात प्रथमच एवढं मोठं पाठबळ मिळालं. आख्खा मराठवाडा करपला तेव्हा कुठे एका बाईला दोन महिने थांबता आलं. मी मात्र येईल त्याला ही माझ्या समजावण्याची किमया म्हणून सांगत होते.

दोन महिन्यांनी दोघी आल्या. व्हरांड्यात बसून दोघीही पाणी प्यायल्या. मी एकट्या मंदाला आत घेतलं. गाठ वाढली असती तर गयाबाई, तो डॉक्टर आणि मुकादम असे तिघेही एकदम शहाणे ठरले असते आणि मंदाची पिशवी दुसऱ्या दिवशी गेली असती. मी प्रोब ठेवला. उजवं अंडाशय दिसलं. बदामाएवढं, नेहमीसारखं. पुन्हा पाहिलं, आडवं, उभं. गाठ नव्हती.

"गेली!" मी जवळजवळ ओरडलेच. "मंदा, गाठ गेली! काही राहिलं नाही!"

मंदा हसली नाही. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग माझा हात धरला.

"बाई, सासूला सांगू नका."

"का गं? चांगली बातमी आहे."

"गाठ हाय म्हनून आत्याबाई मला काई उचलू देत न्हाईत. पानी त्याच आनत्यात, शेन त्याच काढत्यात. दुपारच्याला मला पडू देत्यात. लगीन झाल्यापून मी दुपारची कदी पडले नव्हते. पोट बी आता निम्म्यानं दुकतंय." तिनं पुन्हा दाराकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या की वो आजून थोडे दिस ती गाठ. तुमचं काय जातंय?"

मी प्रोब पुसून जागेवर ठेवला. इतका वेळ मी स्क्रीनवरच्या एका काळ्या गोलाशी लढत होते आणि जिंकल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटत होते. तिला बरं वाटलं होतं ते पथ्यानं, म्हणजे मी वेळ निभावून न्यायला सुचवलेल्या गोष्टीनं. मला लाज वाटली, आणि खोटं कसं सांगायचं ते सुचेना.

गयाबाईंना बोलावलं. मी सांगितलं, "गाठ जिरली. पिशवी काढायचं आता नावसुद्धा काढू नका. पण आतली सूज अजून उतरायची आहे. पथ्य चालूच ठेवायचं. ओझं नाही, दुपारी पडायचं. टोळी गेली तरी तिथेही जमेल तितकं." यातलं काही खोटं नव्हतं. मंदानं डोळे मिटून घेतले.

मला वाटलं गयाबाई भांडतील. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "आनीन की मीच पानी." त्या दारापर्यंत गेल्या, आणि परत आल्या. आवाज एकदम खाली आला होता. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बाई, आता आलोच हाये तर माजं बी बघता का? पानी पिलेली हाय मी."

"तुमचं काय दुखतं?"

"काई न्हाई. बघा आपलं."

त्या टेबलावर चढल्या, लुगडं सारखं केलं आणि छताकडे बघत पडून राहिल्या. मी तपासलं. पिशवी तर कधीच गेलेली. एका बाजूला सुकलेलं अंडाशय, खारकेएवढं. बाकी सगळं ठीक. मी ते सांगितलं, आणि चांगल्या बातमीनं पडलेला एक चेहरा मी नुकताच पाहिला होता, आता दुसरा पाहिला.

त्या उठल्या नाहीत.

"नीट बघा की वो," गयाबाई म्हणाल्या. "लिंबाएवढी नसंल, तर बोराएवढी तरी एखादी आसंल."

मी पुन्हा जेल लावलं आणि पुन्हा बघायला लागले.